वादळात पडलेली झाडं : खुल्या संग्रहालयातली सफाई, आणि उचलायचं काय, ठेवायचं काय?

सुमेधा_के (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी दक्षिण इंग्लंडात राहते. जवळच एक खुलं संग्रहालय आहे, तिथे स्वयंसेवक म्हणून जाते. काचेच्या कपाटांचं संग्रहालय नव्हे हे. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची घरं, गोठे, कोठारं, जी कुठे धरणात तर कुठे रस्त्यात जाणार होती, ती तुळई-तुळई सोडवून, लाकडांवर खुणा घालून आणायची आणि इथे जशीच्या तशी पुन्हा उभी करायची. या प्रकाराची सुरुवात १८९१ मध्ये स्टॉकहोमच्या स्कानसेनपासून झाली आणि मग तो युरोपभर पसरला. माझं एरवीचं काम जुन्या स्वयंपाकघरात चूल पेटवून येणाऱ्या पोरांना भाकरीसारखं काहीतरी भाजून दाखवायचं.

या फेब्रुवारीत (२०२२) मात्र चूल राहिली बाजूला. डडली, युनिस आणि फ्रँकलिन अशी तीन वादळं एकाच आठवड्यात आली. २०१५ पासून इथे वादळांना नावं देतात, पण आठवड्यात तीन नावं लागण्याची ही पहिलीच वेळ. १८ तारखेला युनिसमध्ये आइल ऑफ वाइटच्या टोकाला नीडल्स इथे ताशी १९६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. इंग्लंडातला हा विक्रम.

आमच्याकडे घरं वाचली. झाडं गेली. ओक पडले, ॲश पडले, मागच्या बांधावरची स्प्रूसची रांग पत्त्यांसारखी झोपली. एक ओक गवताने शाकारलेल्या कोठाराच्या इतका जवळ पडलाय की शेंड्याच्या काटक्या छपराला टेकल्यात. मग स्वयंसेवकांना हाक गेली. चेनसॉ फक्त परवानाधारकांच्या हातात. त्यातही वाऱ्याने पडलेली झाडं कापायचं प्रशिक्षण इथे वेगळं असतं, साधं लाकूड कापता येणाऱ्याला ती कापू देत नाहीत. आम्ही बाकीचे हातमोजे घालून फांद्या ओढतो, ढीग लावतो, कुंपणं सोडवतो.

आता मुद्दा. आमच्यातले निम्मे म्हणतात की ईस्टरला गर्दी सुरू व्हायच्या आत सगळं चकाचक करा. इथला जंगलाचा जाणकार म्हणतो की निम्म्या झाडांना हातच लावू नका. चहाच्या वेळी यावरून चांगलीच जुंपते. मला त्याचं पटतंय, पण कोकणात माझ्या आजोळी २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर जे पाहिलं ते आठवलं की वाटतं, पडलेलं झाड ठेवून कसं चालेल? इथे शेतीवाले, जंगलवाले बरेच आहेत. बोला.

---

रोठेकर

सुमेधाताई, श्रीवर्धनहून लिहितोय. तुमच्या जाणकाराला आमच्या वाडीत आणा एकदा, मग बघू काय म्हणतो.

३ जून २०२०. दुपारी वारा सुरू झाला तो थांबेचना. संध्याकाळी बाहेर आलो तर समोर समुद्र दिसला. आमच्या ओटीवरून समुद्र कधीच दिसत नसे, मध्ये वाडी होती. पोफळी निम्म्यातून मोडलेल्या, माड मुळासकट आडवे, त्यावर शेजारच्याचा फणस, त्यावर विजेच्या तारा. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे इथली सुपारीची जात, बाजारात भाव खातो, पण रोठ्याची पोफळ लावल्यावर पहिलं फळ दिसायलाच सहा-सात वर्षं जातात. आजोबांनी लावलेली झाडं एका दुपारी गेली. टाळेबंदी चालू, गडीमाणूस गावात नाही, वीज कित्येक आठवडे नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. माडाचं खोड कुजत ठेवलं की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. अळ्या त्या कुजक्यात पोसतात, भुंगा बाहेर पडला की उरलेल्या उभ्या माडाच्या कोंबात शिरतो. मग नवी पात उघडते ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. वादळात जखमी झालेल्या माडावर सोंड्या भुंगाही येतो, तो तर आतून पोखरतो आणि शेंडा कलंडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे पडलेलं तसंच ठेवलं तर वादळातून वाचलेले माड वर्षा-दोन वर्षांत जाणार. आमच्याकडे उचलायचं की ठेवायचं ही चर्चाच नसते. उचलायचंच, नाहीतर उभं चिरून वाळवायचं, नाहीतर जाळायचं.

---

निवृत्त_वनपाल

रोठेकरांशी पूर्ण सहमत, आणि सुमेधाताईंच्या जाणकाराशीही. यात विरोध नाही. झाड कोणतं ते आधी विचारा.

ओक पडला तर वर्ष-दोन वर्षं पडून राहू दे, बाहेरचं पांढरं लाकूड कुजेल, आतला गाभा टणक राहील. आपल्याकडचा साग, ऐन, किंजळ तसेच. माड, पोफळ ही गवताच्या जातीची झाडं. खोडाची कड कठीण आणि पोट भुसभुशीत. त्या पोटात पाणी धरतं आणि किडे होतात. दोघांना एक नियम लावला की घोटाळा झाला.

दुसरं, जिवाचं. वादळात पडलेलं झाड निपचित दिसतं पण ते ताणलेलं असतं. खोड दोन ठिकाणी टेकलंय आणि मध्ये अधांतरी, तर वरची बाजू दाबात आणि खालची ताणात. टोक अधांतरी असेल तर उलट. आधी दाबाच्या बाजूने थोडा छेद द्यायचा, मग ताणाच्या बाजूने हळूहळू सोडवायचं. उलट केलं तर खोड उभं फाटून अंगावर येतं किंवा करवत अडकते. आणि मुळांचा गड्डा! मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की वजन जातं आणि तो अख्खा गड्डा, मातीसकट, धाडकन परत खड्ड्यात बसतो. खड्ड्यात माणूस उभा असला तर संपलाच. गड्ड्यामागे कुणी नाही हे पाहूनच करवत लावायची, आणि मोठा गड्डा असेल तर आधी दोराने बांधून ठेवायचा. गावातली पोरं त्या खड्ड्यात खेळायला जातात, त्यांना पहिल्यांदा हाकला.

---

स्मोलांडचा_शेजारी

माझंही थोडं. मी दक्षिण स्वीडनमध्ये असतो. ८-९ जानेवारी २००५ ला इथे गुद्रून वादळ आलं. मी तेव्हा इथे नव्हतो, पण आमच्या गावात अजूनही माणसं काळ सांगताना गुद्रूनच्या आधी आणि गुद्रूननंतर असं सांगतात. साडेसात कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत पडलं. हे संपूर्ण स्वीडनच्या साधारण एका वर्षाच्या तोडीएवढं. वादळात जीव गेले आणि नंतर सफाईतही गेले, वनपालकाका म्हणतात त्याच कारणांनी.

इथे घाई झाली ती स्प्रूसमुळे. स्प्रूसच्या सालीत एक बारका भुंगेरा असतो. एप्रिल-मेमध्ये हवा अठरा-वीस अंशांवर गेली की तो थव्याने निघतो आणि पडलेल्या ताज्या स्प्रूसच्या सालीखाली वीण घालतो. तिथे संख्या वाढली की उभी झाडं खातो. गुद्रूननंतर तेच झालं. सगळं लाकूड गिरण्या एकदम घेऊ शकत नव्हत्या, म्हणून ब्यूहोल्मा नावाच्या ठिकाणी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर सुमारे १० लाख घनमीटर लाकूड रचलं आणि त्यावर सतत पाणी मारत ठेवलं. ओल्या लाकडात ना किडा शिरत, ना तडे जात. फोटो पाहिलेत का कुणी? कित्येक मजली भिंती, पण ओंडक्यांच्या.

तेव्हा सुमेधा, ओक नंतर, तुमची ती बांधावरची स्प्रूसची रांग आधी. पण थांबा, हलवायच्या आधी विचारा. हाच भुंगेरा २०१८ मध्ये केंटमध्ये सापडला आणि तेव्हापासून आग्नेय इंग्लंडातल्या ठरावीक भागातून स्प्रूस बाहेर न्यायला बंधनं आहेत. कुणी शेजारी प्रेमाने ट्रेलर घेऊन आला आणि सरपणाला घेऊन गेला तर तुमचं संग्रहालय गोत्यात.

---

सुमेधा_के

बाप रे. शेजारी ट्रेलर घेऊन खरंच येणार होता! आजच विचारते कार्यालयात.

---

टग्या

सगळं ठीक. पण मला एक सांगा, चांगलं तिकीट लावून चालणारं संग्रहालय फुकटातली माणसं का राबवतं? झाडं कापायचा धंदा करणारी माणसं त्या देशात आहेतच ना? तुम्ही हातमोजे घालून फांद्या ओढता तेव्हा कुणाची तरी रोजी बुडते.

कोकणातही तेच पाहिलं. शहरातून गाड्या भरून पोरं आली, टीशर्टवर नाव, हातात नवा कोरा वुडकटर. दोन दिवस फोटो काढले, गेली. मागे ठेवलं काय? रस्त्याकडेला फांद्यांचे ढीग आणि अर्धवट कापलेले माड.

---

रोठेकर

टग्या, अर्धं खरं बोललास. काही पोरं तशी आली. पण काही अशीही आली की ज्यांनी आमच्या घरावरचं झाड उतरवल्याशिवाय आम्हाला कौलं घालता आली नसती, आणि पाऊस तर दारात. पैसे देऊन माणूस आणायचा म्हटलं तरी त्या जूनमध्ये माणूस होताच कुठे? झाडावर चढणारे पाडेली गावात दोन, वाड्या शेकडो.

फक्त एक गोष्ट कुणी त्यांना आधी सांगितली नाही, ती इथे लिहून ठेवतो. पंचनाम्याच्या आधी झाड हलवू नका. आमच्या आळीत एकाची वाडी भल्या मनाने साफ केली, बुंधेही उचलले. तलाठी आला तेव्हा मोजायला काही शिल्लक नाही. पुढे सरकारने झाडामागे मदत जाहीर केली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. रक्कम बघून हसू येईल, पण शेकड्याने पोफळी गेलेल्याला ती लागते. म्हणून आधी मालकाला उभं करून प्रत्येक बुंध्याचा फोटो, रंगाने आकडा, मग करवत. वाट मोकळी करायची असेल तर शेंडा कापा, बुंधा ठेवा.

---

निवृत्त_वनपाल

अगदी. आणि आंबा, साग, ऐन, किंजळ अशा झाडांच्या बाबतीत १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. वाऱ्याने पडलं तरी लाकूड वाहून न्यायचं असेल तर वनखात्याला विचारूनच. चांगल्या मनाने टेंपो भरून नेणारा स्वयंसेवक नाक्यावर अडकलेला मी पाहिलाय.

टग्याच्या मुद्द्यावर : पगारी माणसाने करायचं काम आणि स्वयंसेवकाने करायचं काम वेगळं ठेवलं तर रोजी बुडत नाही. झाडावर चढणं, तारांजवळचं कापणं, घरावर टेकलेलं उतरवणं हे पैसे देऊन. ओढणं, रचणं, वाट मोकळी करणं, मोजणं, नवी रोपं लावणं, तीन वर्षं पाणी घालणं हे स्वयंसेवकांनी. शेवटच्या कामाला कुणी येत नाही, ही गोष्ट वेगळी.

---

सुमेधा_के

टग्या, तुमचा प्रश्न आमच्याकडेही विचारला जातो. कोठाराजवळच्या ओकसाठी बाहेरची कंपनी लावलीय, पगारीच. ॲशनाही आम्ही हात लावत नाही. २०१२ पासून इथे ॲशला बुरशीचा रोग आहे, लाकूड ठिसूळ होतं आणि वरची फांदी काही सूचना न देता सुटते. अनुभवी माणसंही रोगट ॲशवर चढत नाहीत, यंत्राने दुरून उतरवतात.

आता जाणकाराचं म्हणणं नीट मांडते, कारण पहिल्या पोस्टमध्ये मी ते एका ओळीत उरकलं. तो सतत १९८७ चं उदाहरण देतो. त्या वर्षी १५-१६ ऑक्टोबरच्या रात्री दक्षिण इंग्लंडात दीड कोटी झाडं पडली. पानं अजून झाडावर होती, जमीन पावसाने भिजलेली, त्यामुळे वाऱ्याला शीड मिळालं आणि मुळांना पकड नाही. लोक हादरले. सगळीकडे यंत्रं घातली, पडलेलं उचललं, उरलंसुरलं जाळलं, रांगेत नवी रोपं लावली. केंटमधल्या टॉइज हिल नावाच्या जंगलात मात्र एक भाग मुद्दाम तसाच सोडला. काही वर्षांनी पाहिलं तर तिथे बर्च आणि बाकीची झाडं आपली आपण दाट उगवलेली, तर साफ केलेल्या ठिकाणी यंत्रांच्या चाकांनी जमीन दाबून ठेवलेली. तो म्हणतो, वादळाने झाडं पाडली, जमीन आम्ही बिघडवली.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये त्या रात्री सुमारे ७०० झाडं गेली. १७९८ च्या सुमाराचा एक टर्नर ओक मुळांसकट उचलला गेला आणि परत जागेवर बसला. तो जाणार असं धरून नुसता टेकू दिला, कारण आधी बाकीची उरकायची होती. त्याची पाळी आली तोवर तीनेक वर्षं गेली होती आणि ओक आधीपेक्षा तरारलेला! वर्षानुवर्षं लोकांच्या पायांनी घट्ट झालेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती, मुळांना हवा मिळाली. तेव्हापासून तिथे जुन्या झाडांच्या बुंध्याभोवतीची माती हवेच्या दाबाने सैल करतात.

---

हावडा_मराठी

वाचून आमचा वड आठवला. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनमधला, अडीचशे वर्षांच्या पुढचा. एकोणिसाव्या शतकातल्या वादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली आणि १९२५ मध्ये मुख्य खोडच काढून टाकावं लागलं. आज तो नुसत्या पारंब्यांवर उभा आहे. २० मे २०२० ला अंफान चक्रीवादळ आलं तेव्हा त्यातल्याही काही पारंब्या गेल्या. कोलकात्यात तेव्हा उपटलेली बरीच झाडं पुन्हा उभी केली. फांद्या छाटून, क्रेनने उचलून, त्याच खड्ड्यात. काही जगली, काही नाही. वड-पिंपळासारखी जिवट झाडं जगतात, गुलमोहोर कशाला उचलता?

---

स्मोलांडचा_शेजारी

गुलमोहोराबद्दल असं बोलू नका हो, डोंबिवलीत आमच्या दारात होता.

अवांतर सोडतो. सुमेधा, पडलेल्या ओकचं पुढे काय करता? इथल्या खुल्या संग्रहालयांत लाकूड फुकट जात नाही.

---

सुमेधा_के

हा तर माझा आवडता भाग. जुन्या पद्धतीच्या घरांत सुकवलेलं लाकूड वापरत नसत, ओलंच ओक वापरत. ओलं असताना ते सहज फाडता येतं, सांधा खुंटीने बसवायचा, मग वाळताना लाकूड आकसून सांधा आणखी आवळतो. त्यामुळे दुरुस्तीला ताजं ओक हवंच असतं. सरळ खोडाच्या फळ्या, फाडलेल्या तुकड्यांच्या खुंट्या, पट्ट्या. आणि वाकड्या फांद्या तर सोन्याच्या मोलाच्या! घराच्या कोपऱ्यातले तिरपे आधार निसर्गतः वाकलेल्या लाकडाचे असतात, सरळ फळीतून वाक कापला की धागे तुटतात. लाकूड गिरणीत अशी वाकडी फांदी कुणी ठेवत नाही. आमचा सुतार प्रत्येक पडलेल्या ओकभोवती फिरून खडूने खुणा करत होता, त्याच्या खुणांआधी कुणालाही करवत लावू दिली नाही. चकाचक करणाऱ्या मंडळींना त्याने गप्प केलं ते असं.

शिवाय मुळांच्या खड्ड्यांत पुरातत्त्ववाली बाई उतरते. झाड उपटलं की मुळांबरोबर खालचं सगळं वर येतं. कौलांचे तुकडे, मातीच्या चिलमींच्या नळ्या मिळाल्या. तिचं पाहून झाल्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही. (हो, गड्डा आधी दोराने बांधला होता, वनपालकाका.)

---

रोठेकर

हे आमच्याकडेही होतं. फणस पडला की त्याच्या फळ्या काढून पाट, दारं, देव्हारे. पोफळ उभी चिरली की पोट काढून पन्हळ, पाटाचं पाणी त्यातून जायचं. माडाचं जून खोड ओढ्यावर साकवाला टाकायचं. वडील हे सगळं करत. २०२० मध्ये एकदम इतकं पडलं की कोण चिरणार आणि ठेवणार कुठे? फणसाच्या फळ्या मात्र मी जपून ठेवल्यात.

---

टग्या

बरं बाबा, मागे घेतो अर्धं. पण टीशर्टवाल्यांबद्दलचं नाही.

---

सुमेधा_के

ताजी बातमी. स्प्रूसबद्दल विचारणा केली. आमची जागा बंधनाच्या पट्ट्यात येते का ते वनविभाग पाहतोय, तोपर्यंत एकही ओंडका फाटकाबाहेर नाही. ट्रेलरवाला शेजारी रुसलाय. कोठाराजवळचा ओक दूरच्या ट्रॅक्टरवरच्या विंचने ओढून घेतला, म्हणजे चाकं जुन्या अंगणात आलीच नाहीत. गवताचं छप्पर शाबूत. फांद्यांची होळी करायची नाही, छपरं गवताची आहेत. त्या बांधावर रचून ठेवल्या, त्यात आता रॉबिन घरटं करायच्या विचारात दिसतोय, त्यामुळे ऑगस्टपर्यंत त्या ढिगाला कुणी हात लावणार नाही. मागच्या टेकडीवरचे तीन ओक तसेच राहणार. समितीतल्या एका आजोबांना ते अजिबात पसंत नाही. त्यांचं म्हणणं, लोक तिकीट काढून कचरा बघायला येत नाहीत.

---

निवृत्त_वनपाल

आजोबांना म्हणावं, वाटेवरचं सगळं काढा, वाटेपासून दूरचं राहू द्या. वाटेकडे झुकलेली एकही फांदी ठेवू नका, त्यात तडजोड नाही. तेवढ्याने त्यांचंही समाधान होईल.

---

रोठेकर

काका, तुम्ही इथे आहात तोवर विचारून घेतो. गेल्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हा दारातला रायवळ आंबा कलंडला, तेव्हापासून तसाच तिरपा आहे. यंदा मोहोर आलाय. मुळं एका बाजूने उघडी. भाऊ म्हणतो पावसाआधी तोडू, घरावर येईल. चेनसॉ घ्यायचाच आहे, १६ इंची पात्याचा घेऊ का १८? पोफळीला १६ पुरेल, पण आंब्याचा बुंधा मोठा आहे.

---

निवृत्त_वनपाल

करवतीचं नंतर. आंबा घराच्या दिशेने कलंडलाय की उलट? उघडी मुळं वाऱ्याच्या बाजूची आहेत की पडण्याच्या? चारही बाजूंनी फोटो टाका, बुंध्याशी माणूस उभा करून. मोहोर आलाय म्हणजे पलीकडची मुळं धरून आहेत. घराकडचे दोन फाटे उतरवून वजन कमी केलं आणि उघड्या मुळांवर मातीचा भराव दिला तर कदाचित तोडायची गरजच पडणार नाही. पण फोटो पाहिल्याशिवाय काही सांगत नाही.